टाइप टू डायबेटीसमधली स्वादुपिंडाची सूज स्कॅनवर दिसते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईंचं वय ५८, टाइप टू डायबेटीस ८ वर्षांपासून, गोळ्या चालू, वजन स्थिर, पोटात कधी दुखत नाही. रुटीन सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'पॅन्क्रियाज एकोजेनिक' असं आलं, मग लायपेज, म्हणजे स्वादुपिंडाच्या पाचक रसाची रक्ततपासणी, केली तर ते नॉर्मलपेक्षा जरासं वर निघालं. मुलाने कुठेतरी वाचलं की टाइप टू मध्ये स्वादुपिंडाला आतून सूज असते, म्हणून विचारतोय की एमआरआय किंवा पेट स्कॅन करून ती सूज दिसेल का, आणि दिसली तर त्यावर उपचार होईल का.

मी रेडिओलॉजिस्ट आहे, पोटाचे सीटी-एमआरआय वाचणं हेच रोजचं काम, आणि हा प्रश्न हल्ली वारंवार येतो म्हणून नीट लिहितो. आधी सरळ उत्तर: तुम्ही वाचलंय ते खरं आहे, टाइप टू मध्ये सूज असते, पण ती आज कुठल्याही दवाखान्यातल्या स्कॅनवर एका पेशंटमध्ये दिसत नाही. आणि जी सूज स्कॅनवर दिसते ती वेगळी, तिचं नाव पॅन्क्रियाटायटिस, तिची लक्षणं तुमच्या आईंना नाहीत. तेव्हा त्यांना आत्ता ना एमआरआयची गरज ना पेटची. आता हे असं का ते सांगतो, कारण नुसतं 'करू नका' म्हटलं तर मनातली शंका काही जात नाही.

स्वादुपिंडात दोन कारखाने एकत्र आहेत. मोठा भाग पाचक रस बनवतो, लायपेज-अमायलेज तिथूनच येतात. त्या मोठ्या भागात विखुरलेल्या छोट्या छोट्या पेशींच्या बेटांत इन्शुलिन बनतं, त्यांना आयलेट्स म्हणतात, १८६९ मध्ये पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात त्यांचं पहिल्यांदा वर्णन केलं म्हणून त्याच्या नावाने ओळखतात. ही बेटं साधारण दहा लाख असतात, पण सगळी गोळा केली तरी स्वादुपिंडाच्या १ ते २ टक्केच भरतात, म्हणजे जेमतेम एक-दोन ग्रॅम. पॅन्क्रियाटायटिस होतो तो पाचक रसाच्या भागात, तिथले रस वेळेआधीच जागे होतात आणि स्वतःच्याच अवयवाला पचवायला लागतात, पाणी साचतं, आजूबाजूची चरबी पेटते, पेशंट कळवळून येतो. टाइप टू मधली सूज असते आयलेट्समध्ये, आणि ती अगदी मंद. वर्षानुवर्षं जास्त शुगर, जास्त फॅटी ॲसिड, शिवाय इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींतून इन्शुलिनबरोबर बाहेर पडणाऱ्या अमायलिन नावाच्या प्रोटीनचे साचलेले थर, या सगळ्यामुळे तिथे मॅक्रोफेज नावाच्या, कचरा गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि इंटरल्युकिन वन बीटा नावाचं रसायन वाढतं, ते बीटा पेशींना थकवतं. ना दुखतं, ना ताप येतो, ना अवयव फुगतो.

किती मंद, ते टाइप वनशी ताडून बघितलं की कळतं. टाइप वनमध्ये इन्शुलायटिस, म्हणजे आयलेट्सची सूज, म्हणायला पॅथॉलॉजिस्ट लोकांनी २०१३ मध्ये ठरवलेली व्याख्या अशी आहे की किमान तीन आयलेट्समध्ये प्रत्येकी किमान १५ पांढऱ्या पेशी दिसायला हव्यात. टाइप टू मध्ये एका आयलेटमागे मोजक्याच मॅक्रोफेज पेशी जास्त असतात, आणि तेही मृत व्यक्तीचं किंवा ऑपरेशनमध्ये काढलेलं स्वादुपिंड मायक्रोस्कोपखाली बघून कळलेलं. जिवंत माणसाच्या स्वादुपिंडाची सुईने बायोप्सी उठसूट कुणी करत नाही, कारण त्यातून खरा पॅन्क्रियाटायटिस होऊ शकतो. म्हणूनच तर सगळ्यांना स्कॅनने बघायची इतकी ओढ आहे.

आता स्कॅनचं गणित बघा. चांगल्या एमआरआयमध्ये चित्राचा सगळ्यात छोटा ठोकळा, ज्याला आम्ही व्हॉक्सेल म्हणतो, तो स्वादुपिंडासाठी साधारण दीड बाय दीड बाय तीन मिलिमीटरचा पडतो. एक आयलेट असतं सरासरी ०.१ ते ०.२ मिलिमीटर. हिशोब केला तर एका व्हॉक्सेलमध्ये पन्नासएक आयलेट्स बसतात, आणि तरीही त्या व्हॉक्सेलचा ९८ टक्के भाग दुसऱ्याच टिश्यूचा असतो. म्हणजे समजा सुजेमुळे आयलेट्सचा सिग्नल तब्बल २० टक्क्यांनी बदलला, तरी त्या ठोकळ्याचा एकूण सिग्नल बदलणार फक्त ०.३ ते ०.४ टक्के. त्यात स्वादुपिंड श्वासाबरोबर वर-खाली सरकतं, पुढ्यात जठर, शेजारी ड्युओडेनम म्हणजे लहान आतड्याची सुरुवात, दोन्हीकडे गॅस, मागे महाधमनीचे ठोके. या सगळ्या गोंधळात ०.३ टक्के कुठल्या कुठे बुडून जातात. पेट स्कॅनचा ठोकळा तर आणखी मोठा, ४-५ मिलिमीटरचा. सोनोग्राफीचं बोलायलाच नको, तिथे अर्धं स्वादुपिंड गॅसमागे लपलेलं असतं.

म्हणून संशोधकांनी दुसरा मार्ग धरला, आयलेट दिसत नसेल तर आयलेटमधल्या सुजेला चिकटणारं काहीतरी शरीरात सोडायचं आणि ते शोधायचं. यातलं मला सगळ्यात भरीव वाटणारं काम बोस्टनमध्ये झालं, २०१५ मध्ये छापून आलं, पण ते टाइप वनवर. फेरुमॉक्सिटॉल नावाचे लोखंडाचे अतिसूक्ष्म कण शिरेतून देतात, आधी एक एमआरआय, दोनेक दिवसांनी परत एमआरआय. जिथे सूज आहे तिथल्या बारीक रक्तवाहिन्या गळक्या झालेल्या असतात, कण तिथून बाहेर पडतात, मॅक्रोफेज त्यांना गिळतात, आणि लोखंडामुळे तेवढा भाग एमआरआयवर काळवंडतो. नुकत्याच टाइप वन झालेल्या लोकांत आणि निरोगी लोकांत फरक दिसला, आणि एकाच स्वादुपिंडात काही भाग जास्त तर काही कमी असंही दिसलं. मला हे काम मनापासून आवडतं. पण टाइप टू मध्ये मॅक्रोफेज इतक्या कमी की तोच सिग्नल फार दुबळा होतो. शिवाय फेरुमॉक्सिटॉल हे मुळात ॲनिमियाचं औषध, २००९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि गंभीर ॲलर्जीच्या घटनांमुळे २०१५ मध्ये त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लागला. नुसत्या उत्सुकतेपोटी द्यायची ही गोष्ट नाही.

पेटबद्दल लोक विचारतात कारण 'पेटमध्ये सूज चमकते' हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. नेहमीचा पेट एफडीजीने होतो, म्हणजे रेडिओॲक्टिव्ह ग्लुकोज. ज्या पेशी जास्त ग्लुकोज खातात त्या चमकतात. आता डायबेटीसच्या पेशंटमध्ये आधीच रक्तात ग्लुकोज भरलेलं, ते या एफडीजीशी स्पर्धा करतं, म्हणून तर शुगर साधारण २०० च्या वर असेल तर बहुतेक सेंटर स्कॅन पुढे ढकलतात. मेटफॉर्मिन चालू असेल तर आतडी इतकी चमकतात की शेजारचं स्वादुपिंड वाचणं अवघड होतं. अशा परिस्थितीत आयलेटमधल्या मूठभर मॅक्रोफेजचा उजेड एफडीजीने शोधणं शक्य नाही. मोठी सूज असेल तर दिसते, उदाहरणार्थ ऑटोइम्यून पॅन्क्रियाटायटिसमध्ये अख्खं स्वादुपिंड पेटतं, पण तो आजारच निराळा.

एक्सेंडिन पेट नावाचं आणखी एक तंत्र आहे, त्याची बातमी वाचून 'हे करून घेऊ का' असं विचारणारे असतात. ते बीटा पेशींवरच्या जीएलपी वन रिसेप्टरला चिकटतं, तेव्हा त्यातून अंदाज येतो तो बीटा पेशी किती उरल्या याचा, सूज किती याचा नाही. त्यातही किडनी हा पदार्थ इतका ओढते की स्वादुपिंडाचं शेपूट, जे डाव्या किडनीच्या अगदी पुढ्यात असतं, तिच्या झगमगाटात जातं. आणि जास्त शुगरमुळे हे रिसेप्टर स्वतःच कमी होतात, म्हणजे कमी चमकलं तर पेशी मेल्या की नुसत्या गप्प बसल्या हे वेगळं काढणं कठीण.

मग टाइप टू मध्ये स्कॅनवर काहीच दिसत नाही का? तसंही नाही, आणि मला यातलाच भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. दिसते ती चरबी, दिसतो आकार, दिसते कडा. एमआरआयचा एक सिक्वेन्स असतो, चरबीचा सिग्नल दाबून घेतलेला टी-वन, त्यात निरोगी स्वादुपिंड पोटातल्या सगळ्या अवयवांत उजळ दिसतं, लिव्हरपेक्षाही, कारण त्याच्या पेशींत प्रोटीन ठासून भरलेलं असतं. मी कुठलंही स्वादुपिंड वाचायला घेतलं की आधी हाच सिक्वेन्स उघडतो. वय वाढलं, चरबी घुसली, फायब्रोसिस झाला म्हणजे आत व्रणासारखे धागे तयार झाले की तो उजेड मंदावतो. बरीच वर्षं टाइप टू असलेल्यांत स्वादुपिंड बारीक झालेलं, कडा गुळगुळीत नसून खाचाखाचांची, आणि त्या खाचांमध्ये चरबी शिरलेली, असं चित्र खूपदा दिसतं. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांच्या गटाने २०१५ मध्ये मोजून दाखवलं की टाइप टू मध्ये स्वादुपिंडाचा आकार सुमारे एक तृतीयांशाने लहान असतो. आणि पुढे त्यांनीच दाखवलं ते जास्त आशादायक: ज्यांनी वजन उतरवून डायबेटीस रेमिशनमध्ये नेला, म्हणजे गोळ्यांशिवाय शुगर ताब्यात आणली, आणि दोन वर्षं टिकवला त्यांच्या स्वादुपिंडाचा आकार परत वाढला आणि कडाही सुधारल्या, हे २०२० मध्ये छापून आलं. म्हणजे स्कॅनवर दिसणारा हा बदल कायमचाच असतो असं नाही. मात्र हे सगळं गटांच्या सरासरीचं बोलणं आहे. एकट्या माणसाचा आकार बघून मी सांगू शकत नाही की याला डायबेटीस आहे का नाही, कारण निरोगी लोकांतच आकारात प्रचंड फरक असतो.

तुमच्या आईंच्या रिपोर्टमधला 'एकोजेनिक' शब्द म्हणजे हीच चरबी. सोनोग्राफीत चरबी पांढरी दिसते, म्हणून स्वादुपिंड पांढरट दिसलं की तसं लिहितात. वय, वजन, डायबेटीस, तिन्हीमुळे ते होतं. ताजी सूज आली तर उलट स्वादुपिंड काळसर आणि फुगीर दिसतं, कारण पाणी साचलेलं असतं. तेव्हा 'एकोजेनिक' वाचून 'सूज' असा अर्थ काढू नका, रिपोर्टने तसं म्हटलेलंच नाही. 'बल्की', म्हणजे जाडसर, हा शब्दही असाच लोकांना घाबरवतो, लक्षणं नसताना आणि लायपेज नॉर्मल असताना नुसतं बल्की लिहिलेलं बहुतेक वेळा त्या माणसाचं मूळचंच स्वादुपिंड असतं.

आता लायपेज. पॅन्क्रियाटायटिसचं निदान करायला तीनपैकी दोन गोष्टी लागतात, पोटाच्या वरच्या भागात ठरावीक तीव्र दुखणं, लायपेज किंवा अमायलेज नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या किमान तिप्पट, आणि स्कॅनवर सुजेची खूण. जरासं वाढलेलं लायपेज, तेही दुखत नसताना, यात कुठेच बसत नाही. लिराग्लुटाइड या डायबेटीसच्या इंजेक्शनच्या मोठ्या ट्रायलमध्ये, लीडर नाव तिचं, औषध सुरू करायच्या आधीच टाइप टू च्या जवळजवळ एक चतुर्थांश पेशंटचं लायपेज किंवा अमायलेज वाढलेलं होतं, आणि लक्षणं काहीच नव्हती. म्हणून दुखत नसताना लायपेज करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, ते केलं की पुढे सोनोग्राफी, मग सीटी, मग एमआरआय अशी साखळी लागते आणि प्रत्येक रिपोर्टमध्ये काहीतरी एक शब्द नवा निघतो.

या साखळीचा त्रास खरा आहे म्हणून थोडं थांबतो. एमआरआय इतका बारीक बघतो की वाढत्या वयात स्वादुपिंडात छोट्या पाण्याच्या गाठी, सिस्ट, सहज सापडतात, आणि बहुतेक कधीच त्रास देत नाहीत. पण एकदा रिपोर्टमध्ये आली की सोडून देता येत नाही, सहा महिन्यांनी, वर्षाने परत स्कॅन, घरातले सगळे काळजीत. सूज शोधायला म्हणून स्कॅन केला, सूज दिसणार नव्हतीच, आणि गाठीची चिंता मात्र घरात येऊन बसली, हे मी फार वेळा बघितलंय.

उपचाराचं विचारलंत. आयलेटमधली सूज कमी करून शुगर सुधारते का हे तपासून झालंय. २००७ मध्ये ॲनाकिन्रा नावाचं इंटरल्युकिन वन अडवणारं औषध ७० पेशंटच्या ट्रायलमध्ये १३ आठवडे दिलं, एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, खोट्या औषधाच्या तुलनेत ०.४६ ने कमी आला आणि बीटा पेशी थोड्या सुधारल्या. म्हणजे कल्पना खरी निघाली. मग दहा हजारांवर हृदयरोगी असलेल्या कँटोस ट्रायलमध्ये त्याच वाटेचं कॅनाकिनुमॅब वापरलं, त्यात सीआरपी, म्हणजे रक्तातली सुजेची खूण, घसरला पण नवा डायबेटीस काही टळला नाही. त्यामुळे आज टाइप टू साठी हे उपचार दिले जात नाहीत. म्हणजे स्कॅनने ती मंद सूज दाखवली असती तरी आईंच्या गोळ्या बदलल्या नसत्या. वजन, शुगर, ट्रायग्लिसराइड ताब्यात ठेवणं यानेच आयलेट्सवरचा ताण उतरतो, आणि त्यासाठी चित्र लागत नाही.

आता स्कॅन कधी करायलाच हवा ते सांगतो, इथे मात्र आळस करू नका. टाइप टू असलेल्यांना पॅन्क्रियाटायटिसचा धोका इतरांपेक्षा दोन-तीन पट असतो, पित्ताशयातले खडे आणि वाढलेले ट्रायग्लिसराइड ही त्यामागची दोन मोठी कारणं, ट्रायग्लिसराइड १००० च्या वर गेलं तर विशेष सावध राहा. बेंबीच्या वर जोरात दुखतंय, पाठीत जातंय, उलट्या होतायत, तर वाट न बघता इमर्जन्सीत जा. तिथे लायपेज आणि सोनोग्राफी आधी होते, सोनोग्राफी मुख्यतः खडे बघायला. सीटी पहिल्याच तासात हवा असा हट्ट धरू नका, निदान दुखणं आणि लायपेजवरच झालं असेल तर सीटी तीन-चार दिवसांनी जास्त सांगतो, कारण स्वादुपिंडाचा कुठला भाग मेलाय हे तोवर स्पष्ट होतं. निदानच नक्की होत नसेल किंवा तब्येत ढासळत असेल तर मात्र लगेच करतात.

दुसरी परिस्थिती, आणि ही मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायची आहे: पन्नाशीनंतर डायबेटीस नव्यानेच निघाला आणि वजन आपोआप उतरतंय, किंवा इतकी वर्षं ताब्यात असलेली शुगर काही कारण नसताना एकदम बिघडली आणि सोबत वजन घटतंय. अशा वेळी स्वादुपिंडाचा कॅन्सर आधी शुगर बिघडवून मगच बाकी लक्षणं दाखवतो असं होऊ शकतं. पन्नाशीनंतर नव्याने डायबेटीस निघालेल्यांत तीन वर्षांत हा कॅन्सर सापडायचं प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आहे, म्हणजे वजन स्थिर असेल तर घाबरायचं कारण नाही, पण वजन घटत असेल तर 'शुगरमुळे होतं असं' म्हणून गप्प बसायचं नाही. स्वादुपिंडाचा खास सीटी करून घ्या. डोळे पिवळे झाले तर लगेच.

तिसरी, पूर्वी कधी पॅन्क्रियाटायटिस होऊन गेलाय, तेलकट तरंगणारी शौच होते, वरचेवर पोट दुखतं, आणि डायबेटीस आहे. हा टाइप टू नसून टाइप थ्री सी असू शकतो, म्हणजे स्वादुपिंडच खराब झाल्यामुळे आलेला. त्यात सीटीवर कॅल्शियमचे खडे दिसतात, एमआरसीपीवर, म्हणजे नळ्या दाखवणाऱ्या एमआरआयवर, नळी रुंद आणि वेडीवाकडी दिसते, आणि शंका राहिलीच तर एंडोस्कोपीतून केलेली सोनोग्राफी, ईयूएस, जवळून बघते. याचे उपचार वेगळे, एन्झाइमच्या कॅप्सूल लागतात, इन्शुलिन लवकर लागू शकतं, म्हणून इथे स्कॅनने खरंच काहीतरी बदलतं.

स्कॅन ठरलाच तर डायबेटीसच्या पेशंटसाठी दोन-तीन गोष्टी. उपाशी राहायला सांगतील तेव्हा शुगर उतरवणाऱ्या गोळ्यांचं आणि इन्शुलिनचं आदल्या दिवशीच आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवा, वेटिंग रूममध्ये शुगर एकदम खाली गेलेले पेशंट आम्ही बघतो. कॉन्ट्रास्ट द्यायचा असेल तर ताजं क्रिएटिनिन लागतं, ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा आकडा, ३० च्या खाली असेल तर सीटीनंतर मेटफॉर्मिन ४८ तास थांबवून किडनी परत तपासतात. इन्शुलिन पंप एमआरआयच्या खोलीत न्यायचाच नाही, दंडावरच्या सेन्सरबद्दल त्याच्या कंपनीची सूचना वाचा आणि टेक्निशियनला आधीच सांगा.

आणि फॉर्मवर नुसतं 'डायबेटीस, पोटाचा स्कॅन' असं लिहून आणू नका. डायबेटीस किती वर्षांचा, वजन किती महिन्यांत किती घटलं, दुखतं का, लायपेज किती, आधीचे स्कॅन कुठले, एवढं डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि जुन्या सीडी सोबत आणा. स्वादुपिंडाचा सीटी इंजेक्शननंतर साधारण ४० सेकंदांनी एकदा आणि मग लिव्हरच्या वेळेला परत असा घ्यायचा असतो, पोटाचा नेहमीचा सीटी फक्त त्या दुसऱ्या वेळेलाच घेतात, आणि छोटी गाठ त्यात निसटू शकते. प्रश्न फॉर्मवर असेल तरच आम्ही मशीन त्याप्रमाणे लावतो.